रस्त्यात पुरलेल्या बिनतारी सेन्सरनं वाहनं कशी ओळखायची: कोकणातल्या महामार्गांसाठी मार्गदर्शक

दिवसाला किती गाड्या गेल्या, एवढंच हवं असेल तर रस्त्यावर आडवी टाकलेली रबरी नळीही पुरते. पण रस्ता खचतो तो संख्येमुळे नाही, चाकांच्या आसावरच्या म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या वजनामुळे. हिशेबासाठी प्रमाण अ‍ॅक्सल ८.१६ टनांचा धरतात आणि नुकसान साधारण वजनाच्या चौथ्या घातानं वाढतं. २०१८ पासून चार टायरच्या एका अ‍ॅक्सलवर ११.५ टनांची परवानगी आहे. म्हणजे कायद्यात बसणारा एक भरलेला अ‍ॅक्सल प्रमाण अ‍ॅक्सलच्या जवळपास चौपट झीज करतो, आणि त्यावर वीस टक्के जादा माल चढवला तर आठपट. त्या तुलनेत कारची झीज धरायचीही गरज नसते. म्हणून 'किती' पेक्षा 'कोणती' हा प्रश्न महत्त्वाचा.

कोकणात त्यात हंगामाची भर पडते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:९ या मानकानुसार वाहनगणना वर्षातून दोनदा, सलग सात दिवस करायची असते. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांचे पिकअप, गणपतीत मुंबईहून येणाऱ्या कार आणि जादा एसटी (त्याच दिवसांत अवजड वाहनांना बंदी), पावसाळ्यात मासेमारी बंद म्हणून मासळीच्या गाड्या कमी. दोन आठवड्यांच्या मोजणीत हे सगळं सापडत नाही. रस्त्यात कायमचा बसवलेला सेन्सर ते पकडू शकतो, पण नीट बसवला तरच.

आधी वर्ग ठरवा, मग खरेदी

नवखी मंडळी सेन्सर आधी घेतात आणि वर्ग नंतर ठरवतात. उलटं करा. आयआरसी:६४-१९९० मधली कार-समतुल्य एककं (एक वाहन किती कारच्या बरोबरीचं धरायचं) समोर ठेवा: दुचाकी ०.५, कार, पिकअप व्हॅन आणि रिक्षा १, हलकं मालवाहू वाहन १.५, ट्रक किंवा बस ३, ट्रेलर आणि ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर ४.५, बैलगाडी ८. रस्त्याची क्षमता काढायची असेल तर एवढे गट पुरेत. डांबराची किंवा काँक्रीटची जाडी काढायची असेल तर सहाचाकी, दहाचाकी, बाराचाकी असे ट्रक अ‍ॅक्सलप्रमाणे वेगळे करावेच लागतात, आणि त्यासाठी दुसऱ्या जातीचा सेन्सर लागतो. बैलगाडी चुंबकीय सेन्सरला भरवशानं दिसत नाही, तिच्यात लोखंड फार थोडं. ती मोजायची तर माणूसच बसवा.

दोन सेन्सर, दोन कामं

मॅग्नेटोमीटर वाहनातल्या लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल टिपतो. कोकणात हे क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. कार डोक्यावरून गेली की दहा-वीस मायक्रोटेस्लाचा हेलकावा येतो. मीटरभर बाजूनं गेलेल्या दुचाकीचा एखादाच मायक्रोटेस्ला, कधी त्याहूनही कमी. एलआयएस३एमडीएलसारख्या स्वस्त चिपचा स्वतःचा गोंगाट ०.३ मायक्रोटेस्लाच्या आसपास असतो, त्यामुळे कार-ट्रकला ती उत्तम पण दुचाकी काठावर. आरएम३१०० हा मॅग्नेटोमीटर कितीतरी शांत आहे, पण सेकंदाला शंभरावर वेळा वाचला तर बॅटरी खातो. दुचाकींची खरी संख्या हवी असेल तरच त्याच्या वाटेला जा.

मॅग्नेटोमीटर चाकं मोजत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल यांची एकत्र सावली त्याला दिसते. अ‍ॅक्सल मोजायला अ‍ॅक्सिलरोमीटर लागतो, चाक जवळून जाताना रस्ता किंचित दबतो त्याचं कंपन पकडणारा. ही जोडी बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली कॅलिफोर्नियातल्या महामार्गावर वापरून दाखवली: मॅग्नेटोमीटर वाहन आलं-गेलं सांगतो, अ‍ॅक्सिलरोमीटर मधले अ‍ॅक्सल सांगतो. एडीएक्सएल३५५ ही चिप या कामाला योग्य, गोंगाट कमी आणि सेकंदाला ५०० नमुने सहज देते.

आता कोकणातली अडचण. कंपनाचा जोर वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात असतो. ताशी ६० वर जो ट्रक ठळक दिसतो तोच २० वर नऊपट फिका होतो, आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढणारा तर दिसतच नाही. शिवाय मुंबई–गोवा महामार्गाचा मोठा भाग आता काँक्रीटचा आहे. काँक्रीटचा स्लॅब डांबरापेक्षा खूप कमी दबतो आणि एका चाकानं पूर्ण हलतो, त्यामुळे जवळजवळचे अ‍ॅक्सल एकमेकांत मिसळतात. म्हणून पहिला प्रयोग डांबरी रस्त्यावर करा, उदाहरणार्थ रेवस–रेडी सागरी महामार्गाचा एखादा सरळ तुकडा. काँक्रीटवर फक्त मॅग्नेटोमीटरच्या जोड्या लावा आणि दुचाकी, कार-रिक्षा, हलकं मालवाहू, ट्रक-बस, ट्रेलर एवढ्या पाच गटांवर समाधान माना. काँक्रीटमधून अ‍ॅक्सलचा आकडा ओढून काढला तर तो कागदावर छान दिसेल, पण खोटा असेल.

जागा

वाहनं मोकळ्या वेगानं जातात अशी जागा निवडा: दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे मीटर सरळ, चढ नगण्य, गतिरोधक, फाटा, एसटी थांबा, पेट्रोल पंप जवळ नको. परशुराम, भोस्ते असे घाट आणि त्यांचे पायथे टाळा. दुभाजक असलेला चौपदरी तुकडा मिळाला तर उत्तम. जुन्या दुपदरी भागात ओव्हरटेक करणारी गाडी समोरच्या लेनच्या सेन्सरवरून उलट्या क्रमानं जाते. ती वेगळी ओळखता येते, पण सॉफ्टवेअरला ते आधी शिकवावं लागतं.

विजेच्या तारा आणि रेल्वेपासून लांब राहा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेची चुंबकीय मोजणी अलिबागला हलवली गेली आणि १९०४ पासून ती तिथंच चालू आहे, इतका हा गोंगाट लांब पोचतो. तुम्हाला वेधशाळेइतकी शुद्धता नको, पण कोकण रेल्वे आता पूर्ण विजेवर धावते आणि महामार्ग तिला जागोजागी ओलांडतो. अशा पुलाशेजारी सेन्सर लावू नका. आणि सेकंदाला २५, ५० किंवा १०० नमुने कधीही घेऊ नका: वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तिचा गोंगाट या वेगांत खऱ्या सिग्नलचा वेष घेऊन बसतो. १२८ नमुने घ्या आणि ३० हर्ट्झच्या वरचं गाळून टाका.

जांभ्यात लोखंड भरपूर असतं, मग त्रास होईल का, असं बरेच जण विचारतात. होत नाही. जांभा जागचा हलत नाही, त्याचा परिणाम स्थिर राहतो आणि पायारेषेत, म्हणजे रिकाम्या रस्त्यावरच्या मोजमापात, वजा होतो. काँक्रीटमधल्या डॉवेल सळ्यांचंही (सांध्यात दोन स्लॅब जोडणाऱ्या) तसंच, पण भोक पाडताना त्या कापल्या गेल्या तर सांधा बिघडतो. म्हणून आडव्या सांध्यापासून किमान एक मीटर लांब राहा.

परवानगीसाठी रस्ता कोणाकडे आहे ते आधी विचारा. पनवेल ते इंदापूर टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, पुढचा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. अर्जासोबत भोकांचा व्यास, खोली, भरायचं साहित्य आणि आयआरसी:एसपी:५५ प्रमाणे लेन बंद करण्याचा आराखडा जोडा. हा आराखडा नसेल तर अर्ज अडकून पडतो.

एका लेनचं साहित्य

डांबरी रस्त्यासाठी: लेनच्या मध्यावर ४ मीटर अंतरानं दोन मॅग्नेटोमीटर नोड (नोड म्हणजे सेन्सर, बॅटरी आणि रेडिओ असलेली पुरायची डबी), त्यांच्या बरोबर मधोमध चाकांच्या पट्ट्यात दोन अ‍ॅक्सिलरोमीटर नोड. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये चाकांचा पट्टा मध्यापासून साधारण ०.९ मीटरवर येतो. काँक्रीटवर लागोपाठच्या दोन स्लॅबच्या मध्यावर एकेक मॅग्नेटोमीटर, म्हणजे सांधे ४.५ मीटरवर असतील तर अंतर आपोआप ४.५ मीटर.

प्रत्येक नोडमध्ये ३.६ व्होल्टचा लिथियम थायोनिल क्लोराईड डी-सेल, १९ अँपिअर-तासांचा. हा सेल वर्षानुवर्षं टिकतो, पण बराच काळ पडून राहिला की आत थर धरतो आणि रेडिओनं एकदम करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. नोड आपोआप रीसेट होतो आणि कारण सापडत नाही. सेलला समांतर एक चांगला कपॅसिटर टाका, म्हणजे झटका तो सोसेल.

करंटचा हिशेब बसवण्याआधी टेबलावर करा. सरासरी ०.३ मिलीअँपिअर म्हणजे वर्षाला २.६ अँपिअर-तास. सेलची सत्तर टक्के क्षमताच धरली तरी पाच वर्षं निघतात. हीच सरासरी १ मिलीअँपिअर झाली की दीड वर्षात रस्ता पुन्हा फोडावा लागतो. एडीएक्सएल३५५ एकटाच ०.२ खातो, म्हणून तो झोपलेला ठेवा आणि त्याच नोडमधल्या छोट्या मॅग्नेटोमीटरनं बंपरची चाहूल दिली की उठवा. उठायला त्याला दहा मिलिसेकंद पुरतात. ताशी ६० वर बंपर आणि पुढचं चाक यांच्यात चाळीस-पन्नास मिलिसेकंद मिळतात.

रेडिओसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना आहे, २.४ गिगाहर्ट्झही आहे. मात्र उपकरणाला डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची) प्रकार-मान्यता हवी. रस्त्यावर पाण्याचा थर साचला की २.४ गिगाहर्ट्झ फार दबतो. जुलैतला कोकणचा पाऊस लक्षात घेता ८६५ चा पट्टाच घ्या.

बसवणं

कोरडा दिवस हवा, नोव्हेंबर ते मार्च उत्तम. १०० मिलीमीटर व्यासाचं कोअर कटिंग, खोली नोडच्या उंचीपेक्षा २० मिलीमीटर जास्त. कटिंगनंतर भोकात राखाडी गाळ उरतो. तो पाण्यानं धुवा, व्हॅक्यूमनं ओढा आणि हवेच्या झोतानं भोक पूर्ण कोरडं करा. ओल्या भोकात ओतलेलं इपॉक्सी भिंतीला धरत नाही, पहिल्याच पावसात पाणी कडेनं उतरतं आणि ट्रकच्या चाकाखाली तेच पाणी दाबून नोडला वर उचलतं. सेन्सर निकामी होण्याचं कोकणातलं मोठं कारण हेच.

तळाशी इपॉक्सीचा पातळ थर ओता, नोडवरचा बाण वाहतुकीच्या दिशेनं ठेवून तो समतळ बसवा, कडेनं आणि वरून भरा. हवेचे बुडबुडे राहिले तर अ‍ॅक्सिलरोमीटर रस्त्याशी एकजीव होत नाही आणि कंपन अर्धंच पोचतं. इपॉक्सी रस्त्याच्या पातळीला किंवा दोन मिलीमीटर खाली हवं. वर आलेला उंचवटा चाकं उखडतात.

मग दोन मॅग्नेटोमीटरच्या केंद्रांतलं अंतर पोलादी टेपनं मोजा आणि लिहून ठेवा. "साधारण चार मीटर" चालत नाही: चार मीटरमध्ये एक सेंटीमीटर चुकला की प्रत्येक वेगात पाव टक्क्याची कायमची चूक.

वेग हाच पाया

सगळ्यात जास्त मेहनत इथं घ्या. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, चार मीटर पार करायला ०.२४ सेकंद. १२८ नमुन्यांच्या वेगात एका नमुन्याची चूक म्हणजे ७.८ मिलिसेकंद, सव्वातीन टक्के. स्विफ्टसारख्या कारच्या २.४५ मीटर व्हीलबेसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) हे आठ सेंटीमीटर झाले. रिक्षाचा व्हीलबेस सुमारे २ मीटर, टाटा एसचा २.१, अल्टोचा २.३६. इतक्या जवळच्या आकड्यांत आठ सेंटीमीटर म्हणजे वर्गच बदलला. म्हणून फक्त "सिग्नल उंबरठा कधी ओलांडतो" एवढ्यावर वेग काढू नका. दोन्ही नोडची पूर्ण लहर एकमेकींवर सरकवून कुठं सर्वांत चांगली जुळते ते पाहा, आणि जुळणीच्या टोकावर पॅराबोला बसवून नमुन्याच्या आतला अंश काढा. चूक अर्ध्या टक्क्यावर येते.

घड्याळंही जुळलेली हवीत. २० पीपीएमचा (दहा लाखांत वीस भाग चुकणारा) घड्याळाचा क्रिस्टल तीस सेकंदांत ०.६ मिलिसेकंद सरकतो आणि दोन नोड विरुद्ध दिशेला सरकले तर १.२. नोडच्या नोंदी घेणाऱ्या, खांबावरच्या रिसीव्हरकडून दर तीस सेकंदांनी वेळ जुळवून घ्या. तापलेल्या डांबरावर सर आली की क्रिस्टल आणखी भरकटतो, तेव्हा दहा सेकंदांवर या.

लहरीतून वाहन

पायारेषा संथपणे बदलू द्या, पण फक्त वाहन नसताना. सेन्सरवर टेम्पो बंद पडला आणि पायारेषा चालूच राहिली तर टेम्पोच 'रिकामा रस्ता' ठरतो, आणि तो हलला की नसलेलं वाहन मोजलं जातं. यावर उपाय असा: तीन मिनिटांहून जास्त 'वाहन आहे' दिसलं तर तो काळ खराब म्हणून खूण करा, दुरुस्त करायला जाऊ नका.

उंबरठे दोन ठेवा, चालू होण्याचा वरचा आणि बंद होण्याचा खालचा. तिन्ही अक्षांची एकत्र तीव्रता वापरा. नुसता उभा अक्ष घेतला तर ट्रेलरच्या मधल्या भागात तो शून्यातून जातो आणि न्हावा-शेवा बंदराकडं जाणारा एक कंटेनर ट्रेलर दोन वाहनं होतो. 'बंद' जाहीर करण्याआधीची वाट सेकंदात नाही, अंतरात मोजा. एक-दीड मीटर पुरे. जास्त ठेवली तर ट्रकच्या मागं चिकटलेली दुचाकी ट्रकमध्येच गिळली जाते.

शेजारच्या लेनमधला ट्रकही दिसतो. तीव्रता अंतराच्या घनानं घटते, त्यामुळे त्याची लहर बुटकी आणि गुळगुळीत असते. दोन्ही लेनमध्ये पन्नास मिलिसेकंदांच्या आत खूण आली तर मोठी ठेवा, छोटी टाका. दोन्ही सारख्या असतील तर गाडी लेनच्या रेषेवरून गेली, एकच धरा. साईडपट्टीवरून जाणाऱ्या दुचाकी मात्र सुटतात. त्यांच्यासाठी लेनच्या डाव्या कडेला एक जादा मॅग्नेटोमीटर लावा. कोकणातल्या रस्त्यावर तो चैनीचा नाही, गरजेचा आहे.

वर्ग

अ‍ॅक्सल आणि त्यांतली अंतरं मिळाली की नियम साधे आहेत. दोन अ‍ॅक्सल, अंतर १.५ मीटरच्या आत आणि लहर कमजोर, ती दुचाकी. १.९ ते २.८, कार किंवा रिक्षा. रिक्षाचं इंजिन मागं असल्यानं तिच्या लहरीचा जोर शेपटाकडं असतो, तेवढ्यावर ती वेगळी निघते. टाटा एस याच पट्ट्यात पडतो, त्याला लांबी आणि तीव्रतेवरून ओळखावं लागतं आणि तिथं चुका होणारच. २.९ ते ३.६, पिकअप आणि लहान टेम्पो. त्यापुढं ट्रक-बस. मागचे दोन अ‍ॅक्सल १.३-१.४ मीटरवर असतील तर दहाचाकी किंवा मोठा.

एसटी आणि लांब सहाचाकी ट्रक यांचा व्हीलबेस एकमेकांत मिसळतो. यातून वाट अशी: मागचा अ‍ॅक्सल गेल्यावर चुंबकीय लहर किती अंतर चालू राहते ते पाहा. बसचं शेपूट मागच्या चाकांच्या पुष्कळ मागं जातं, सहाचाकी ट्रकचं सहसा तेवढं नाही. हे शेपूट भागिले व्हीलबेस हा एक आकडा बस आणि ट्रक वेगळे करायला बाकी सगळ्यांपेक्षा उपयोगी पडतो.

रिकामे ट्रक एक अ‍ॅक्सल उचलून चालतात. बाराचाकी मग तीन अ‍ॅक्सलचा दिसतो. ती सेन्सरची चूक नाही. रस्त्याच्या झिजेसाठी टेकलेले अ‍ॅक्सलच मोजायचे आहेत, पण व्हिडिओशी ताडताना हे लक्षात ठेवा.

पडताळणी

खांबावर कॅमेरा लावा, त्याचं घड्याळ रिसीव्हरशी जुळवा आणि सकाळ, दुपार, रात्र, भर पाऊस अशा वेगवेगळ्या वेळांचे दोन-दोन तास घ्या. दोघांनी एकमेकांचं न बघता वाहनं नोंदवायची, जिथं पटत नाही तिथं पुन्हा पाहायचं. प्रत्येक वर्गाची किमान शंभर वाहनं जमेपर्यंत थांबू नका. ट्रेलर आणि ट्रॅक्टर-ट्रॉली जमायला वेळ लागतो. नियम ज्या दिवसांवर बसवले त्याच दिवसांवर तपासू नका, वेगळे दिवस राखून ठेवा. एकूण अचूकता सांगून भागत नाही: रस्त्यावर दुचाकी आणि कार एवढ्या असतात की सगळे ट्रक चुकले तरी टक्केवारी झकास दिसते. कोणता वर्ग कशात मिसळला याचा तक्ता द्या.

खांब आणि पावसाळा

रिसीव्हर ५-६ मीटर उंच खांबावर, नोडपासून ३०-४० मीटरच्या आत. सरासरी ३ वॅट धरले तर दिवसाला ७२ वॅट-तास. जुलैत उपयोगी ऊन दिवसाला दोनच तास धरा, तोटे वजा जाता ६० वॅटचं पॅनल लागतं. ८० ते १०० वॅटचंच घ्या. पाच दिवस ऊन न पडताही चालावं म्हणून १२.८ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. किनाऱ्याजवळ नट-बोल्ट एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचे, पेटी फायबरची, केबल खालून आत, सर्किटवर संरक्षक लेप. खाऱ्या हवेत साधे गॅल्वनाइज्ड क्लॅम्प फार लवकर गंजतात. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटासाठी सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग हवंच. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग सहजासहजी चांगलं मिळत नाही, खड्ड्यात बेंटोनाइट माती भरा आणि रोध मोजून बघा. मोबाईल नेटवर्क जाणारच, तेव्हा तीस दिवसांच्या नोंदी रिसीव्हरमध्येच राहतील इतकी मेमरी ठेवा. प्रत्येक वाहनाला ४० बाइट धरले तर दिवसाला पंधरा हजार वाहनांची नोंद ६०० किलोबाइटमध्ये मावते.

शेवटची गोष्ट कागदाची. प्रत्येक नोडचं स्थान, खोली आणि बसवल्याची तारीख रस्ता सांभाळणाऱ्या विभागाला लेखी द्या आणि कंत्राटदाराच्या साइट इंजिनिअरलाही. पावसाळ्यानंतर रस्ता खरवडून नवं कार्पेट टाकतात. खरवडणारं यंत्र ५० मिलीमीटर उतरलं तर नोड त्याच्या दातात जातो. नुसता ४० मिलीमीटरचा थर वर चढला तर नोड वाचतो, पण खोल जातो आणि सिग्नल उतरतो. तेव्हा उंबरठे पुन्हा लावा आणि दुचाकींची पडताळणी नव्यानं करा, कारण सगळ्यात आधी त्याच दिसेनाशा होतात.